पाहुण्याचं ताट

२६ डिसेंबर

कालचा नाताळ बरेच दिवस आठवेल. माणसं तीन आणि ताटं चार, हा आमच्या घरचा जुना रिवाज. ही होती तेव्हा तिनंच सुरू केलेला. नाताळच्या जेवणाला एक ताट जास्तीचं मांडायचं, आणि कोणी वाटसरू आलाच तर त्याला दारातून परत पाठवायचं नाही. इतक्या वर्षांत एकही वाटसरू आला नाही. जिना चढून दुसऱ्या मजल्यावर कोण वाटसरू येणार? पण मला त्या रिकाम्या ताटाकडे बघत बसायला आवडायचं. शाळेत आमचे गुरुजी कविता शिकवताना एखाद्या ओळीशी थांबायचे आणि खिडकीबाहेर बघायचे. आम्हाला वाटायचं, उरलेली कविता बाहेर मैदानात कुठेतरी आहे. ते ताट मला तसं वाटे.

काल प्रार्थना संपवून आमेन म्हणतो न म्हणतो तोच दार वाजलं. खालच्या मजल्यावरचे कुलूपवाले. कोपऱ्यावर त्यांचं किल्ल्या करून देण्याचं दुकान आहे. माझी नात चिमणी त्यांना किल्लीकाका म्हणते, अर्थात त्यांच्या पाठीमागे.

"खुर्च्या ओढता की तोफा?" ते दारातूनच ओरडले. "खाली माझ्या डोक्यावर चुना पडतोय."

सूनबाई माफी मागायला उठली. पण त्यांची नजर टेबलावर गेली होती. "हे चौथं कुणाचं?"

"पाहुण्याचं," चिमणी म्हणाली.

"कोण यायचंय?"

"कोणीच नाही. तो दर वर्षी येत नाही."

ते आत आले. मग खुर्ची उचलून, आवाज न करता, बसले. "भाजीत मीठ कमी असणार," म्हणाले, आणि दोनदा वाढून घेतली.

प्रभू, तुझे किती आभार मानू! मुलगा बोटीवर, समुद्रात कुठेतरी; त्याची खुर्ची रिकामी होती. तू तीही भरलीस.

३० डिसेंबर

आज चर्चच्या उपासनेत पाळकसाहेबांनी सगळ्यांना हलवून सोडलं. "नाताळ झाला की तुम्ही कागदी तारा खोक्यात भरता आणि खोकं माळ्यावर टाकता," ते म्हणाले. "खोक्यात आणखी काय काय भरता तेही एकदा बघा."

घरी येईपर्यंत माझा विचार पक्का झाला होता. पाहुण्याचं ताट वर्षातून एकदाच का? प्रभू काय डिसेंबरातच भुकेला असतो?

सूनबाईला सांगितलं, "उद्यापासून रोज."

"रोज?" तिनं विचारलं. गॅसवर दूध होतं, तिकडे बघत राहिली.

"रोज."

"बरं, बाबा," ती म्हणाली. माझा ऊर भरून आला. अशी सून मिळायला भाग्य लागतं. लगेच खाली जाऊन कुलूपवाल्यांना आमंत्रण दिलं. ते म्हणाले, सातच्या ठोक्याला जेवतो, त्यानंतर पोटात जळजळ होते. म्हटलं, सात तर सात.

४ जानेवारी

सूनबाई आज उड्या मारतच जिना चढली. ती शहर बसवर कंडक्टर आहे. तिच्या डेपोत कंडक्टरांमधून ड्रायव्हर घ्यायचं ठरलंय आणि यादीत तिचं नाव लागलंय. बायकांमध्ये ती एकटीच! ड्यूटी सुटल्यावर सहा ते आठ, डेपोच्या मागच्या आवारात रोज सराव. चाचणी एप्रिलात. नापास झालं तर आणखी एक संधी, आणि तीही हुकली तर जन्मभर तिकिटंच फाडायची.

"मला लहानपणापासून ते मोठं चाक धरायचं होतं, बाबा," ती म्हणाली. "तुम्हाला हसू येईल."

मला हसू आलं नाही. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग ती घड्याळाकडे बघून गप्प झाली. आनंदानं माणूस असाच अवाक होतो.

१२ जानेवारी

कुलूपवाले रोज येतात. पायपुसण्यावर पाय पुसतात, खुर्ची उचलून सरकवतात आणि मग तक्रारींचा पाढा वाचतात. सूप पातळ, पाव कालचा, अंडं जास्त उकडलेलं. सूनबाई त्यांना शेरास सव्वाशेर उत्तर देते. काल म्हणाली, "किल्ल्या करता तशी एकदा जिभेलाही कानस लावून घ्या." ते इतके हसले की ठसका लागला.

मी जेवणाआधी प्रार्थना म्हणतो. जगातले सगळे भुकेले, खलाशी, आजारी, वाट चुकलेले, कोणी राहू नये म्हणून जरा लांबते. काल मध्येच कुलूपवाले पुटपुटले, "देव जेवून झोपला असेल." मी ऐकलं न ऐकलं केलं. विश्वास नसलेल्या माणसाला धीर कमी असतो.

सूनबाई सरावाहून सातच्या आत घरी असते. बाकीच्यांना म्हणे आठपर्यंत थांबावं लागतं. मुलगी मुळातच हुशार, लवकर उरकत असेल.

९ फेब्रुवारी

आज दुपारी बाल्कनीत बसून दोन ओळी जुळल्या.

दार उघडे ठेवुनि बसलो, दिवा लाविला सांजेला;
कोण पाहुणा येईल दारी, भूक घेउनी ओंजळीला.

दुसऱ्या चरणात एक मात्रा जास्त होतेय की काय, गुरुजी असते तर टेबलावर बोटं वाजवून सांगितलं असतं. आम्ही बाकांवर ताल धरून कविता म्हणायचो आणि पलीकडच्या वर्गातले गणितवाले गुरुजी भिंत ठोकायचे. पुढे छापखान्यात आयुष्यभर शिशाचे खिळे जुळवले, किती लोकांच्या कविता उलट्या अक्षरांत वाचल्या. स्वतःची एकही छापली नाही. त्याचं दुःख नाही. या वयात एखादी ओळ सुचते हेच पुष्कळ.

सूनबाईला ऐकवायला स्वयंपाकघरात गेलो तर तिचे डोळे लाल. कांदा चिरत होती वाटतं. जेवणात मात्र कांदा लागला नाही.

३ मार्च

जेवताना कुलूपवाल्यांनी टेबलावर मिठाची बरणी आणि दोन पेले उभे केले. सूनबाई आगपेटी घेऊन ती उलटी सरकवत त्या दोन पेल्यांच्या मधून मागे न्यायला लागली. पेला पडला.

"चाक उशिरा फिरवतेस," कुलूपवाले म्हणाले. "मी तरुणपणी ट्रक चालवलाय. शेपूट आत शिरलं की मग नाही, शिरायच्या आधी."

"आधी कळतच नाही हो. अंदाज यायला हात बसायला पाहिजे."

"मग बसव ना हात! रोज जातेस ना?"

तिनं आगपेटी पुन्हा सुरुवातीला नेऊन ठेवली. चिमणीनं पेला उचलून पुन्हा उभा केला. मला मुलांचा भातुकलीचा खेळ आठवला. अन्नापुढे खेळ नको असं सांगणार होतो, पण सगळे इतके रमले होते की म्हटलं राहू दे. नंतर मी माझ्या ओळी म्हणून दाखवल्या. आता तिसरी ओळही झाली आहे.

प्रभू, या टेबलाबद्दल तुझे उपकार. कोण कुठली माणसं, एका जागी आणून बसवलीस.

११ एप्रिल

पुनरुत्थानदिनाआधीचा गुरुवार. संध्याकाळच्या उपासनेत पाळकसाहेबांनी, प्रभूनं शिष्यांचे धुतले तसे, मंडळीतल्या बाराजणांचे पाय धुतले. त्यात मीही होतो. पितळेचं घंगाळ, कोमट पाणी, खांद्यावर टॉवेल. पाळकसाहेब गुडघ्यावर बसले तेव्हा त्यांच्या गुडघ्याचा कट्ट आवाज झाला. माझ्या पायाची नखं वाढलेली, टाचा फुटलेल्या. लाजेनं पाय मागे घेतला तर त्यांनी धरून ठेवला. मला रडू आवरेना.

घरी आलो तेव्हा सूनबाईनं चहा करून ठेवला होता. मी तिला सगळं सांगितलं, पुन्हा डोळे पुसले. "प्रभूनं कसलं काम हाती घेतलं बघ," म्हटलं. "घरातल्या नोकराचं!" ती कणीक लागलेल्या हातांनी ऐकत होती. चहा संपवून मी कप मोरीत ठेवला आणि बाल्कनीत जाऊन बसलो. सूर्य मावळत होता. चौथी ओळ सुचली.

आतून भांड्यांचा आवाज येत होता. किती शांत वाटलं.

२३ एप्रिल

सूनबाई चाचणीत नापास झाली.

बस मागे घेऊन दोन खांबांच्या मध्ये उभी करायची होती. मागचा खांब पडला. बाकी सगळं बरोबर, गिअर, वळण, चढ. साहेब म्हणाले, हात बसलेला नाही, सराव कमी पडतोय.

तिनं दारातच चपला काढल्या आणि तिथंच बसली. मी तिला सांगितलं, गुरुजी म्हणायचे की पडलेल्या ओळीतूनच चांगली कविता उभी राहते. ती म्हणाली, "हो बाबा." मग उठून बटाटे सोलायला लागली. सात वाजत आले होते.

प्रार्थनेत मी तिच्यासाठी खास मागितलं. बरंच मागितलं. डोळे उघडले तर कुलूपवाले माझ्याकडे टक लावून बघत होते.

२४ एप्रिल

आज सकाळी दूध आणायला खाली उतरलो तर कुलूपवाल्यांनी दुकानातून हाक मारली. त्यांच्या हातात कुणाचं तरी कुलूप उघडलेलं होतं.

"अहो खिळेमास्तर, इकडे या. एक विचारू?"

"विचारा की."

"बाकीचे आठपर्यंत सराव करतात. तुमची सून सातला घरी कशी?"

म्हटलं, "हुशार आहे."

"हुशार आहे म्हणून नापास झाली?" त्यांनी कुलूप खाली ठेवलं. "सातला ती माझ्यासाठी स्वयंपाक करत असते, मास्तर. डेपोतून यायला पंधरा मिनिटं, रांधायला अर्धा तास. बस हातात यायच्या आत उतरायची वेळ होते. मला काल कळलं, आणि घास गिळवेना. ताट तुम्ही मांडता हो. वाढतं कोण?"

दूध घ्यायचं विसरून वर आलो.

२७ एप्रिल

दोन दिवस लिहिलं नाही.

ही असताना नाताळचं ताट कोण मांडायचं? हीच. रांधायची कोण? हीच. मी प्रार्थना म्हणायचो. माझी प्रार्थना मंडळीत नावाजलेली होती.

आज सूनबाईला सुटी. ती कपडे वाळत घालत होती, मी चिमटे देत होतो. म्हटलं, "तू बोलली का नाहीस?"

"काय बोलू?" तिनं चादर झटकली. "तुम्ही इतके खुशीत होतात. आणि बाबा, तुम्ही देवाचं नाव घेतलं होतं. देवाच्या कामात मध्ये येऊन कसं सांगायचं, की मला बस शिकायची आहे?"

मी हातातले चिमटे मोजायला लागलो.

"मग आता ताट बंद करू," म्हटलं. "आपण फार मोठं ओझं घेतलं."

"छे! बंद कशाला?" ती वळली. "मला त्या माणसाची कुरकुर आवडते. ते आल्यापासून चिमणीही नीट जेवते. ताट राहू द्या. फक्त सातला मी घरात नसेन. दुसरी चाचणी जूनमध्ये आहे. तीच शेवटची."

"मग रांधायचं कुणी?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. चिमटा दातांत धरलेला होता, म्हणून हसली की काय ते कळलं नाही.

२९ एप्रिल

भात लागला. अंडी उकडताना फुटली. बटाट्याच्या सालाबरोबर अर्धा बटाटा गेला असं चिमणीचं म्हणणं.

कुलूपवाल्यांनी ताटात बोट लावलं. "हे काय आहे?"

"भात."

"आधी होता का?"

पण सगळा संपवला. मग उठून बाह्या सारल्या आणि मोरीशी उभे राहिले. "करपलेलं पातेलं तुम्हाला घासता यायचं नाही. सरका." मी सरकलो नाही. दोघांनी मिळून घासलं. त्यांनी राख मागितली, मी साबण दिला, त्यावरून भांडण झालं. चिमणी दारात उभी राहून निवाडा करत होती.

सूनबाई साडेआठला आली. तिचं ताट झाकून ठेवलं होतं. करपल्याचा वास घरभर होता. तिनं नाक वर करून वास घेतला आणि जेवायला बसली. आज तासाहून जास्त वेळ गाडी हातात होती म्हणाली.

प्रभू, तुझे आभार. आज हात भाजला आहे, थोडक्यात लिहितो.

१८ मे

भातात पाणी किती घालायचं ते आता बोटाच्या पेरावर कळतं. हे शाळेत का शिकवलं नाही? सूप मात्र चिमणीच्या देखरेखीखाली.

पाळकसाहेब भेटायला आले. मी कांदा चिरत होतो, हात धुवायलाही उठता येईना. ते स्वयंपाकघरातच स्टूल ओढून बसले. "तुमची लांब प्रार्थना मंडळीत हल्ली ऐकू येत नाही," म्हणाले. म्हटलं, "इथे गॅस चालू असतो, साहेब." त्यांना हसू फुटलं. जाताना शेंगा सोलून देऊन गेले.

कविता चार ओळींवर अडली आहे. अडू दे. संध्याकाळी बाल्कनीत जायला सवड होत नाही. पण स्वयंपाकघराच्या खिडकीतून तेच आकाश तुकड्यातुकड्यानं दिसतं, आणि पाच मिनिटं जास्त टिकतं असं वाटतं. मागे कधी ते बघितलं नव्हतं.

१४ जून

आज दुसरी चाचणी. सकाळीच मी साखरेच्या डब्यात मीठ आणि मिठाच्या बरणीत साखर ओतून ठेवली. ती दोन्ही पुन्हा निवडता येत नाहीत हे कळायला वेळ लागला.

सातला कुलूपवाले आले, चिमणी बसली, मी बसलो. कोणी जेवेना. कुलूपवाले बोटानं टेबलावर अदृश्य गाडी मागे घेत होते. साडेसात झाले. जिन्यावर पावलं वाजली. हळू वाजली. चिमणीनं माझा हात धरला.

सूनबाई आत आली. पदरानं तोंड पुसलं, पाण्याचा पेला घेतला, पूर्ण प्याली. आम्ही तिघं बघतोय.

"दोन्ही खांब उभे आहेत," ती म्हणाली.

चिमणी किंचाळली. कुलूपवाल्यांनी टेबलावर असा हात आपटला की खालच्या त्यांच्याच घरात चुना पडला असेल. मग ते म्हणाले, "मास्तर, आज म्हणा तुमची ती. लांबलचक म्हणा, मी काही बोलणार नाही."

मी डोळे मिटले. काय काय मनात आलं. ती दारात चपला काढून बसली होती ती संध्याकाळ आली, मोरीतला कप आला.

"प्रभू, आम्ही आभारी आहोत. आमेन."

"एवढीच?" ते म्हणाले.

"ती सकाळपासून उपाशी आहे," मी म्हटलं आणि भात वाढायला घेतला. सुपात साखर निघाली. कुणीही तक्रार केली नाही. कुलूपवाल्यांनीसुद्धा नाही, तेव्हा मला त्यांची काळजीच वाटली.

२ जुलै

सूनबाईचा ड्रायव्हर म्हणून पहिला दिवस. तिला न सांगता सकाळी स्टॉपवर जाऊन उभा राहिलो. इस्त्रीचा सदरा घातला होता. रात्री एक छोटंसं भाषणही मनात जुळवून ठेवलं होतं. बसमध्ये चढायचं, तिच्या शेजारी उभं राहायचं, आणि सगळ्या प्रवाशांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचं, की ही माझी सून.

बस आली. काय ऐटीत आली! त्या एवढ्या मोठ्या चाकाच्या मागे ती बसलेली, खाकी सदरा, केस बांधलेले, नजर आरशात. दार उघडलं. मी पायरी चढलो आणि तिथंच थांबलो. पाय पुढे पडेना. तिच्याकडे बघत राहिलो. शब्द सगळे गेले.

तिनं मला पाहिलं. ओठांचा कोपरा हलला, पण हात चाकावरून सुटले नाहीत. मग आरशातून मागे बघून, इतरांना सांगतात त्याच खणखणीत आवाजात म्हणाली, "बाबा, दारात थांबू नका. पुढे सरका, मागे माणसं खोळंबली आहेत."

मी पुढे सरकलो. माझ्या मागे एक बाई होती, कडेवर मूल आणि हातात पिशवी. तिला दांडी धरायला जागा मिळाली. पिशवी मी माझ्याकडे घेतली, आणि बस निघाली.